शंकेचे एकेचाळीस कागद

मोजायला बसले की मी कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही आणि कुणाची भावजय तर मुळीच नाही, असं मी गेली तीस वर्षं येईल त्याला ऐकवत आले. ऐकणाऱ्यांचे कान किटले, मी थकले नाही. आता ते वाक्य आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मक्याच्या संशोधन केंद्रातलं ग्रंथालय माझ्या ताब्यात आहे. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, चार खिडक्या, त्यातली एक लागत नाही म्हणून दोरीनं बांधलेली. पूर्वी लाकडी खणांत कार्डं असायची, तेव्हापासून माझं नाव कार्डवाली पडलं. कार्डं रद्दीत गेली, कॉम्प्युटर आला, नाव तेवढं राहिलं.

जनुक बदललेला मका, म्हणजे ज्याच्यात दुसऱ्या एखाद्या जिवाचं जनुक नेऊन बसवलं आहे असा मका, हा आमचा विषय. त्यावर जगात कुठे कुणी काय छापलं ते माझ्याकडे येतं. मी ते वाचते, कशासाठी केलंय ते बघते आणि एका गटात टाकते. गट सहा. कीड, तण, दुष्काळ, पोषण, खाण्याची सुरक्षितता आणि जनुक संपादन. एक निबंध एकाच गटात, दोनदा मोजायचा नाही, ही माझी शिस्त. वर्षाच्या शेवटी गट मोजायचे आणि रेषा काढायच्या. कुठली चढते, कुठली उतरते, त्याला आमच्याकडे संशोधनाचा कल म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा सगळे किडीच्या मागे होते. मग हा मका खाऊन उंदरांना काय होतं नि गुरांना काय होतं, याची लाट आली. मग दुष्काळ आला. आणि आता जनुक संपादन, म्हणजे बाहेरचं काही न आणता मक्याचंच जनुक जागच्या जागी कातरून बदलायचं. शास्त्रज्ञ म्हणजे मोठी माणसं, पण उगवत्या सूर्याला नमस्कार घालायला रांगेत सगळ्यांत पुढे. मला काय, मी रेषा काढते आणि पगार घेते.

खिडकीतून खाली कुंपणाच्या आतला प्लॉट दिसतो, आणि प्लॉटात माझ्या नणंदबाई. आमच्या यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही, का ते विचारायची घरात कुणाची छाती नाही. त्या आमच्याकडे राहतात असं लोक म्हणतात, पण खरं बोलायचं तर आम्हीच त्यांच्याकडे राहतो, कारण घर त्यांनी बांधलेलं. मी त्यांना वन्सं म्हणते. नवी होते तेव्हा चिडवायला म्हणायचे, पुढे तीच सवय लागली. त्या मात्र मला घरीदारी कार्डवालीच म्हणतात.

वन्संचं काम म्हणजे मक्याची लग्नं लावणं. "तुमच्या बहिणीनं स्वतःचं लावलं नाही, पण मक्याची हजारो लावली," असं मी यांना म्हणायचे आणि हे इकडेतिकडे बघून हळूच हसायचे. कणसाचे केस बाहेर पडायच्या आत त्याला लहान कागदी पिशवी घालायची. तुऱ्याला मोठी. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरा वाकवून त्याचे परागकण पिशवीत झटकायचे, कणसावरची पिशवी क्षणभर काढून ते ओतायचे, परत झाकायचं, स्टेपल मारायचं आणि वर पेन्सिलीनं तारीख घालायची. असं एकेक झाड करत दुपार व्हायची. बाहेर पडताना फाटकाशी उभं राहून खिसे उलटे करायचे, बाह्यांच्या घड्या झटकायच्या, बुटांना ब्रश मारायचा. जनुक बदललेला एक दाणासुद्धा कुंपणाबाहेर जाता कामा नये. फाटकावरचा पहारेकरी बाकीच्यांच्या खिशांवर डोळा ठेवायचा. वन्सं आल्या की तो वर्तमानपत्रातून मानही वर करायचा नाही, एवढी त्यांची ख्याती.

त्या प्लॉटात बरेच मके होते, पण वन्संचा जीव होता सतरा नंबरवर. एका रानगवताचं जनुक घातलेला मका. पाणी तुटलं की साध्या मक्याचे कणसाचे केस फार उशिरा निघतात, तोवर तुऱ्यातले परागकण उडून गेलेले असतात आणि कणीस पोकळ राहतं. सतरा नंबरच्या पानांनी पाणी धरून ठेवावं, त्याचे केस वेळेवर निघावेत आणि दोनचार दिवस जास्त जिवंत राहावेत, अशी सगळी खटपट होती. ज्या शास्त्रज्ञानं तो तयार केला तो तीन वर्षांतच दुसरीकडे चांगली जागा मिळाली म्हणून निघून गेला, आणि सतरा नंबर वन्संच्या पदरात पडला. अकरा हंगाम त्यांनी तो वाढवला. सगळं केंद्र त्याला "वन्संचं लेकरू" म्हणायचं. वन्सं त्यावर रागवायच्या, पण तो राग वरवरचा होता, हे मला कळायचं.

अडचण एकच होती. अकरांपैकी खरे कोरडे हंगाम मिळाले तीन, आणि त्या तीनांतही सतरा नंबरला शेतात मिळालेले गुण धड चांगले नाहीत, धड वाईट नाहीत. साध्या मक्याच्या किंचित खालीच. "अजून एक कोरडा हंगाम मिळू दे," त्या म्हणायच्या, "मग मी खुशाल घरी बसते." त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. काम बंद झालं तर बियाणं ठेवून द्यायची सोय नाही. जनुक बदललेल्या वाणाचं काम संपलं की त्याचा दाणा न् दाणा नष्ट करायचा, असा नियम आहे. म्हणजे एक हंगाम तरी, नाहीतर काहीच नाही.

अशात एके दिवशी संचालक स्वतः जिना चढून वर आले. ते वर आले की समजावं, काम अवघड आहे.

"समितीला पंचवीस वर्षांचा कल हवाय," ते म्हणाले. "सहापैकी दोन विषय बंद करायचे ठरलंय. कुठले, ते तुमच्या रेषा बघून ठरेल. तुमच्या मोजणीबद्दल कुणी ब्र काढणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगतोय."

स्तुती ऐकली की माणसाला पुढचं दिसत नाही. मी मान डोलावली.

बातमी कशी पसरते देव जाणे. संध्याकाळी जिन्यात थंडोबा भेटला. बियाण्याच्या शीतगृहाचा तो रखवालदार, बारा महिने स्वेटर घालतो म्हणून थंडोबा. "काय मग," तो हसत म्हणाला, "नणंदेचं लेकरू आता मामीच्या हातात."

तो गमतीनंच म्हणाला असेल. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या मोजणीत नातं नसतं," मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की खालच्या मजल्यावरची दोन दारं उघडली.

घरी आले तर वन्संनी बाहेरचे बूट काढायच्या आधीच मला गाठलं. "हे बघ कार्डवाली, ते मोजणीचं मला कळलं. मी तुला एका शब्दानं विचारणार नाही, तूही सांगू नकोस. जे निघेल ते निघेल."

"मी कुठे सांगतेय."

"सांगू नकोसच."

अशा आम्ही दोघी. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. हे मधे बसून टीव्ही बघत होते, ते म्हणाले, "दोघी भांडताय की एक होताय, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही."

दोन महिने मी मोजलं. जुने सगळे निबंध पुन्हा काढले, पुन्हा वाचले. बहुतेकांबद्दल प्रश्नच नव्हता, शीर्षक वाचलं की गट कळायचा. पण एक ढीग टेबलाच्या कोपऱ्यात साचत गेला. शेवटच्या पाच वर्षांतले एकेचाळीस निबंध. त्यांत संपादनाची नवी पद्धत वापरून मक्याचा दुष्काळाशी संबंध असलेलं काहीबाही केलेलं होतं. आता हे दुष्काळात टाकायचे की संपादनात? एकाच गटात टाकायचे ही माझीच शिस्त. मी एक दिवस विचार केला, आणि जिन्यातला थंडोबा डोळ्यांपुढे आला. उद्या कुणी म्हणालं, बघा, नणंदेचा गट फुगवला, तर? मी एकेचाळीसच्या एकेचाळीस उचलले आणि संपादनात टाकले. शंका आली की आपल्या माणसाच्या विरुद्ध, हा माझा न्याय. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, माझ्या हातून आवडतीचं अळणी झालं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

दुष्काळाची रेषा उतरली. पाच वर्षांपूर्वी तेवीस निबंध, मग वीस, सोळा, तेरा आणि गेल्या वर्षी नऊ. शेजारी संपादनाची रेषा सरळ वर चढलेली. मी ती छापली, वर केंद्राचं नाव घातलं, खाली माझी सही केली. समितीनं अर्ध्या दिवसात निर्णय दिला. पोषण बंद, दुष्काळ बंद. सतरा नंबर पुढच्या महिन्याच्या अखेरीस नष्ट करायचा.

त्या दिवशी वन्सं नेहमीच्या वेळेला घरी आल्या. हातपाय धुतले, जेवल्या, ताट धुऊन पालथं ठेवलं. मग माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं, "रेषा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग झालं तर."

आणि त्यांनी ओल्या हातांनी नळ पुन्हा एकदा घट्ट बंद केला, जो आधीच बंद होता. मला वाटलं, एवढं सरळ घेतलं, बरं झालं. वन्संचं मोठेपण मी चारचौघांत सांगितलंसुद्धा.

तीन आठवडे गेले. मग दुसऱ्या एका केंद्रातल्या ग्रंथपालाचं पत्र आलं. ते गव्हाची मोजणी करणार होते, त्यांनी माझा अहवाल वाचला होता, आवडला होता. एवढंच विचारलं होतं की, दोन गटांत बसेल असा निबंध कुठे टाकायचा यासाठी तुम्ही काय नियम लावता, तो कृपया कळवा. साधा प्रश्न. मी उत्तर लिहायला बसले. "असा निबंध," मी लिहिलं, "ज्या हेतूनं काम केलं असेल त्या गटात टाकावा, पद्धत कुठलीही असो." लिहिलं, आणि एक उदाहरण द्यावं म्हणून किडीचा गट उघडला. त्यात सोळा निबंध असे होते की ज्यांत पद्धत संपादनाची होती आणि हेतू किडीचा. ते मी किडीतच टाकले होते, हेतू बघून. तणाचे सात, ते तणात. पोषणाचे पाच, ते पोषणात. सगळीकडे एकच नियम. फक्त दुष्काळाचे मी संपादनात ढकलले होते.

उठून दाराला आतून कडी घातली, जशी काही चोरी करतेय. त्या एकेचाळीसांतला एकेक पुन्हा वाचला, माझ्याच नियमानं. आठ खरोखर संपादनाचे निघाले. तेहतीस दुष्काळाचे. ते जागच्या जागी बसवले तर रेषा अशी झाली: चोवीस, तेवीस, तेवीस, बावीस, बावीस. उतार कुठेच नाही. मी तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं.

मी नातं मोजणीत येऊ दिलं नाही, असं मला वाटत होतं. नातंच तर आलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. परक्याला दिला तेवढा न्यायही मी घरच्या माणसाला दिला नव्हता.

तशीच खाली संचालकांकडे गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी दोन्ही रेषा शेजारी शेजारी धरून बघितल्या.

"तुमच्याकडून चूक व्हावी," एवढंच आधी म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बियाणं थांबवा," मी म्हटलं.

"एवढ्यावर नाही थांबवता येणार." त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, सभेच्या दिवशी ही रेषा सपाट असती तर मी भांडलो असतो. किंवा रेषा उतरलेली असती, पण शेतातले गुण बरे असते, तरी भांडलो असतो. दोन्ही खाली होती, मी काय बोलणार? आता झालेला निर्णय फिरवायचा तर नुसती नवी रेषा पुरणार नाही. तिच्या जोडीला शेतातलं काहीतरी पाहिजे. तीन कोरडे हंगाम, तीनही वेळा सतरा नंबर साध्या मक्याच्या खाली. ते आकडे तर काही चुकलेले नाहीत ना? शेतातलं काही आहे तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही हे अहवालाच्या पुढच्या अंकात दुरुस्ती म्हणून छापा. मी सही करतो."

बाहेर आले, आणि सांगायला नको वाटतं, पण मला थोडं हलकं वाटलं. म्हणजे सगळा दोष माझा नव्हता. मका मुळातच कच्चा होता, शेतानंही तेच सांगितलं होतं. मग वन्संना हे सांगून त्यांच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं? त्या सावरल्या आहेत, राहू दे. असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण हे की माझी हिंमत झाली नाही. "रेषा बरोबर आहे ना," असं त्यांनी विचारलं होतं आणि मी "बरोबर आहे" म्हटलं होतं, ते कुठल्या तोंडानं परत घेणार होते मी?

बियाणं नष्ट व्हायला अजून दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत वन्संनी कोऱ्या उरलेल्या पिशव्या मोजून दुसऱ्या प्लॉटाला दिल्या, कपाट पुसलं, पेन्सिली गोळा करून रबरबँड लावला. एकदा संध्याकाळी चहा पिताना त्या आपणहून म्हणाल्या, "कधीकधी वाटतं, त्याला माझ्याऐवजी दुसरं कुणी मिळायला हवं होतं." मी म्हटलं, "असं काय बोलता वन्सं, एवढं तर कुणी पोटच्या पोरासाठी करत नाही." त्या काहीतरी बोलणार होत्या. पण मलाच रडू येईल असं वाटलं म्हणून मी कप उचलून आत गेले.

नष्ट करायच्या दिवशी साक्षीला दोन माणसं लागतात, एक शेताकडचं आणि एक नोंदींकडचं. शेताकडून वन्सं, नोंदींकडून मी. इतक्या माणसांत दुसरं कुणी मिळालं नाही. थंडोबानं शीतगृहातून ट्रे काढून आणले. तपकिरी पाकिटं, प्रत्येकावर वन्संचं अक्षर, हंगाम, ओळ, झाड. वजन केलं, वहीशी ताडून बघितलं, बरोबर आलं. मग पाकिटं वाफेच्या भट्टीत गेली. दाणा उकळून मेला की मग तो जाळायचा, अशी पद्धत आहे. भट्टीचं झाकण लावल्यावर दाबाचा काटा चढायला लागला आणि वन्सं त्या काट्याकडे बघत उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. चाळीस मिनिटं. मला वाटत होतं, त्यांनी एखादा दाणा तरी चोळीत, रुमालात, कुठेतरी लपवला असावा. मी मनातून हात जोडत होते की लपवला असू दे. पण बाहेर पडताना कुणी सांगितलेलं नसताना त्या दारात थांबल्या, दोन्ही खिसे उलटे केले, रुमाल झटकला. एका खिशातून पेन्सिलीचा तुकडा पडला. बाकी काही नव्हतं.

आम्हाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. घरी आलो तेव्हा बारा वाजत होते. हे कामावरून यायचे होते. वन्संनी कांदे घेतले, मी बटाटे घेतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो. त्यांचे डोळे गळत होते, आणि कांद्यामुळे असं दोघींनी मानून घेतलं. मला ते बघवेना. पोटात ठेवून ठेवून मला अन्न गोड लागेनासं झालं होतं. मी सांगून टाकलं. एकेचाळीस कागद, थंडोबाचं बोलणं, माझी भीती, नवी रेषा, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. सुरी हातातच होती.

"मी तुमची गुन्हेगार आहे वन्सं," मी म्हटलं. "पण संचालक म्हणाले, नुसत्या रेषेनं काही झालं नसतं आता. जोडीला शेतातलं काहीतरी लागलं असतं. आणि तुमचे गुण तर खालीच होते. म्हणजे तो मका तसाही टिकला नसता. तेवढंच एक समाधान."

वन्संनी सुरी खाली ठेवली.

"ते गुण कसे देतात माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मी फक्त छापलेलं वाचत आले.

"भर दुपारी बाराला झाडासमोर उभं राहायचं. पाणी कमी पडलं की पान सुरळीसारखं गुंडाळतं. किती गुंडाळलं ते डोळ्यांनी बघून गुण द्यायचे. पान सपाट असेल तर पाच. पार सुरळी झाली तर एक. यंत्र नाही, काही नाही, आपले डोळे." त्या टेबलाकडे बघून बोलत होत्या. "कधीकधी कळत नाही, तीन द्यावे की चार. मग पुढची दोन झाडं बघून यायचं आणि परत बघायचं, अशी रीत आहे. बाकीच्यांच्या वेळी मी परत जायचे. सतराच्या वेळी नाही गेले. शंका आली की सरळ तीन. सगळे म्हणायचे ना, वन्संचं लेकरू. उद्या कुणी म्हणायला नको, हिनं लेकराला गुण वाढवून दिले."

माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"किती वेळा?" मी विचारलं.

त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि तीन वह्या घेऊन आल्या. कोरड्या हंगामांच्या तीन वह्या. सतरा नंबरचं पान काढून माझ्यापुढे सरकवलं. गुणांच्या रांगा होत्या, आणि कितीतरी गुणांच्या डोक्यावर पेन्सिलीचा बारीक ठिपका.

"जिथे शंका होती तिथे ठिपका घातलाय," त्या म्हणाल्या. "खोटं लिहावं लागलं तरी ते कुठे लिहिलं हे तरी ठाऊक असावं, म्हणून. लिहिलेला आकडा नंतर बदलता येत नाही, पण ठिपका घातला तर कुणी बघत नाही. मी विचार करायचे, शेवटच्या हंगामात धीर करून संचालकांना दाखवीन. मग तुझी रेषा आली, उतरलेली. म्हटलं, रेषाच अशी आहे तर माझ्या ठिपक्यांनी काय होणार. तू बरोबर आहे म्हणालीस."

मी ठिपके मोजायला लागले. मोजण्याशिवाय मला दुसरं येतंच काय. पहिल्या पानावर चौदा झाले, दुसऱ्यावर एकोणीस. ते सगळे तीनाचे चार केले तर सतरा नंबर साध्या मक्याच्या वर जात होता. त्याला आकडेमोडही लागत नव्हती, नुसतं बघून कळत होतं. शेतातलं काही आहे का, असं संचालकांनी विचारलं होतं. ते माझ्याच घरात, भिंतीपलीकडच्या कपाटात होतं, आणि मी घरी येऊन विचारायच्या आधीच नाही म्हणून मोकळी झाले होते.

वन्संही मोजत होत्या, पण दुसरं काहीतरी.

"हे तुझं एकेचाळीसांचं," त्यांनी विचारलं, "कधी कळलं तुला?"

आजच कळलं म्हणता आलं असतं. पण वन्संपुढे खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"दहा दिवस झाले."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मग पुन्हा खाली. दाराची कडी वाजली, हे आले होते, भूक लागली म्हणत. वन्संनी वह्या मिटल्या, एकावर एक ठेवल्या, आणि उरलेला कांदा चिरायला घेतला.

"दहा दिवस," त्या हळूच म्हणाल्या, "याच टेबलाशी बसून जेवलो गं आपण."